महाराष्ट्रातील रॉक व मेटल अल्बम

महाराष्ट्रातील रॉक व मेटल अल्बम म्हणजे मुख्यतः मुंबई-पुण्याकडील बँडनी १९७० नंतर ध्वनिमुद्रित केलेले, बहुतांशी इंग्रजी गीतांचे संग्रह होत. या संगीताचा आरंभकाळ प्रत्यक्ष मैफलींचा होता. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळील मळवली येथे १९७१ मध्ये भरलेला ‘स्नेहयात्रा’ हा महोत्सव त्या काळाचे ठळक उदाहरण मानला जातो. त्या पिढीचे ध्वनिमुद्रण फार थोडे झाले. परिणामी तिच्या संगीताविषयीची अनेक मते ऐकीव आठवणींवर उभी आहेत आणि ती पडताळून पाहणे कठीण झाले आहे.

पार्श्वभूमी

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ मुद्रणाची तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागल्याने सुट्या गीतांऐवजी सलग गीतसंग्रहाची कल्पना रुजली. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) नंतर रॉक अल्बमकडे एकसंध कलाकृती म्हणून पाहण्याची दृष्टी बळावली. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा १९७० मधील पहिला अल्बम हेवी मेटल या प्रकाराचा आरंभबिंदू मानला जातो.

भारतात इंपीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा भरवली. तिच्यातील निवडक बँडच्या ‘सिमला बीट ७०’ व ‘सिमला बीट ७१’ या तबकड्या भारतीय रॉकच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पुराव्यांपैकी आहेत.

मळवलीचा महोत्सव

मळवली हे मुंबई-पुणे लोहमार्गावरील लोणावळ्याच्या पुढचे स्थानक आहे. कार्ला व भाजे येथील लेणी आणि लोहगड व विसापूर हे किल्ले या परिसरात आहेत. दोन्ही शहरांतून रेल्वेने येथे पोहोचता येते. अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवाच्या (१९६९) धर्तीवरील स्नेहयात्रेचा उल्लेख अनेकदा ‘भारताचे वुडस्टॉक’ असा केला जातो. ही तुलना एका बाबतीत अपुरी ठरते. वुडस्टॉकचा चित्रपट व तीन तबकड्यांचा अल्बम १९७० मध्येच प्रकाशित झाला आणि तेथे नसलेल्या श्रोत्यांनाही त्या वादनाविषयी स्वतःचे मत बनवता आले. मळवलीची कीर्ती मात्र प्रामुख्याने उपस्थितांच्या आठवणींतून टिकली.

प्रमुख ध्वनिमुद्रणे

लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या रचना ध्वनिमुद्रित केल्या. हे मुद्रण अधिकृतपणे प्रकाशित होण्यास २०१५ साल उजाडले. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडचा ‘ऑब्सेशन’ हा अल्बम १९८० च्या दशकाच्या आरंभी निघाला. २०११ मध्ये अमेरिकेतून त्याचे पुनःप्रकाशन झाल्यावर बँडचा श्रोतृवर्ग नव्याने वाढला.

वेल्वेट फॉग या बँडमधून पुढे आलेले गायक नंदू भेंडे यांनी रॉकची गायनशैली मराठी रंगभूमीवरही नेली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकातील त्यांचा सहभाग त्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो.

रॉक मशीन या मुंबईच्या बँडने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) व ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे अल्बम काढले. परकीय गीते हुबेहूब वाजवणे हीच गुणवत्तेची कसोटी असलेल्या काळात या बँडने स्वतःच्या रचनांवर भर दिला. १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले.

मेटलमध्ये सेप्टर (स्थापना १९९८) व डिमॉनिक रिझरेक्शन (स्थापना २०००) हे मुंबईचे बँड उल्लेखनीय आहेत. डिमॉनिक रिझरेक्शनच्या ‘दशावतार’ (२०१७) या अल्बममध्ये विष्णूच्या दहा अवतारांवरील रचना आहेत.

मूल्यमापन

परदेशी तबकड्या महाग व दुर्मीळ असल्याने १९८० च्या दशकात अनेक श्रोत्यांनी हे संगीत नकलून घेतलेल्या कॅसेटवर ऐकले. नकलेत आवाजाची प्रत खालावे, आवरणावरील मजकूर गळे आणि कधी गीतांचा क्रमही बदले. म्हणजेच एकाच अल्बमविषयी मत देणाऱ्या दोघांनी प्रत्यक्षात वेगवेगळे ऐकलेले असण्याची शक्यता होती. ‘ज्युनिअर स्टेट्समन’ (१९६७-१९७७) व ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ (१९९३ पासून) या इंग्रजी नियतकालिकांनी अशा चर्चेला छापील व्यासपीठ दिले.

या अल्बमवरील आक्षेपांत अनुकरणाचा व इंग्रजी भाषेचा आक्षेप प्रमुख आहे. समर्थकांच्या मते भाषेपेक्षा रचनेची स्वतंत्रता निर्णायक ठरते. ‘दशावतार’सारख्या अल्बमने हा वाद गुंतागुंतीचा केला, कारण त्याचा विषय भारतीय, भाषा इंग्रजी आणि शैली युरोपीय मेटलची आहे.

१९८८ नंतरच्या अल्बमविषयीचे असे मतभेद कोणताही श्रोता मूळ मुद्रण ऐकून स्वतः तपासू शकतो. त्यापूर्वीच्या बहुतेक वादनाबाबत ही सोय नाही. त्यामुळे एखाद्या बँडचा अल्बम नसणे हा त्याच्या दर्जाविषयीचा निर्णय समजला जाऊ नये. तो बहुधा त्या काळच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या मर्यादेचा परिणाम आहे.