तीन पावसाळे : रत्नागिरी, मॉरिशस आणि अर्विंग

आपल्या पूर्वजांबद्दल आपण जे वाचतो, त्यात बहुधा जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख, करार क्रमांक आणि मळ्याचे नाव असते. त्या दिवशी ऊन होते की पाऊस, हे कुणी लिहून ठेवले नाही. पण शेतात राबणाऱ्या माणसाचे सारे आयुष्य पावसावर चालते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या वाडवडिलांच्या पावसाचा इतिहास सांगावा असे वाटले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला पोहोचले आणि करारबद्ध मजुरीचा प्रयोग सुरू झाला. मजुरांच्या छळाच्या तक्रारी वाढल्याने मध्यंतरी ही वाहतूक बंद झाली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुले झाले. रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली आपली माणसे मुख्यतः याच वाटेने आली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून ती मळ्यांकडे गेली.

मागे राहिलेल्या गावात वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होई. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागला की पेरणी, मग लावणी, भाद्रपदात गणपती आणि दसऱ्याच्या सुमारास भातकापणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्याआधी चैत्र-वैशाखात घर शाकारून घ्यायचे. आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला होडी लावायची नाही. हे नियम कुणी शिकवावे लागत नसत.

मॉरिशसमध्ये हे सगळे उलटे झाले. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे वीस अंशांवर. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि तोच पावसाचा काळ. मे ते ऑक्टोबर हिवाळा, आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा. कोकणात जूनमध्ये नांगर धरायची वेळ, तर इथे जूनमध्ये हातात कोयता. ऊसतोड, म्हणजे आपल्या घरांत अजून बोलतात ती 'लाकुप', जूनपासून वर्षअखेरीपर्यंत चाले. पावसाच्या दिवसांत, 'लांत्रकुप'मध्ये, खुरपणी आणि इतर मशागत. गावाकडे श्रावणसरी कोसळत असतील तेव्हा इथे पठारावर थंडी आणि झिमझिम. संक्रांतीला गावी हिवाळा, तर इथे उकाडा आणि वादळाची भीती.

पाऊसही सगळीकडे सारखा नव्हता. मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत, तर पश्चिमेला, रिव्हिएर न्वारच्या बाजूला, हजाराच्याही आत. आपली वस्ती या दोन्ही भागांत झाली. वाकवाच्या ओलाव्यात राहणाऱ्याला कोकण आठवत असेल, कास्काव्हेलच्या उन्हात राहणाऱ्याला घाटमाथ्यापलीकडचा देश.

पाऊस चुकला म्हणून मजुराला सूट नव्हती. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा 'डबल कट' कायदा होता. ओल्या झोपडीत ताप भरला आणि तो रजिस्टरात आजार म्हणून मांडला गेला नाही, तर भुर्दंड मजुरालाच. त्यात १८६६-६८ ची हिवतापाची साथ आली. १८६७ या एका वर्षात बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे मेली. उष्ण, पाणथळ किनाऱ्यावर डास माजले होते, पण डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. तो रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये भारतात दाखवला. पुढे १९०७-०८ मध्ये तेच रॉस मॉरिशसला येऊन उपाय सुचवून गेले. साथीनंतर ज्यांना शक्य झाले ते किनारा सोडून थंड पठारावर राहायला गेले.

वादळाची गोष्ट वेगळीच. २९ एप्रिल १८९२ रोजी वादळांचा हंगाम संपला असे सगळे धरून चालले होते, तेव्हा दुपारी चक्रीवादळ पोर्ट लुईवर आले. मधेच वारा एकदम थांबला. लोक बाहेर पडले. तो वादळाचा डोळा होता. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने आला आणि मोडकळलेली घरे अंगावर कोसळली. बाराशेच्या आसपास माणसे दगावली. कोकणातल्या पावसाचा अनुभव इथे कामी येत नव्हता. तिथे पाऊस उघडला की बाहेर पडायचे, इथे वारा थांबला की आतच थांबायचे, हे नव्याने शिकावे लागले.

फेब्रुवारी १९६० च्या 'कॅरोल'मध्ये ताशी अडीचशे किलोमीटरचे झोत आले. उसाच्या पाचटाची आणि पत्र्याची घरे उडाली. त्यानंतर बेटावर सिमेंटच्या घरांचे युग आले. माझी आजी कुणाचे वय विचारले की वर्ष सांगत नसे. "कॅरोलच्या वेळी रांगत होता," असे सांगे. तिचे पंचांग वाऱ्याने लिहिलेले होते.

आता आपल्यापैकी काही घरे टेक्सासमधल्या अर्विंगला आली आहेत. इथले वर्ष पुन्हा निराळे. पाऊस वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर, मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याच्या जवळपास, पण तो मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास जास्त. वसंतात आखातावरून ओलसर हवा येते, गारपीट होते, टॉर्नेडोचे भोंगे वाजतात. १९८० च्या उन्हाळ्यात या भागात सलग ४२ दिवस पारा शंभर अंश फॅरनहाइट किंवा त्यावर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र टिकली. गणपती भाद्रपदातच येतो. कोकणात तो भिजत येतो, मॉरिशसमध्ये थंड वाऱ्यात, अर्विंगमध्ये कडक उन्हात. आपल्या पूर्वजांनी शेतीचे पंचांग नव्या मातीनुसार बदलले, कारण पोट त्यावर होते. सणांचे पंचांग त्यांनी बदलले नाही. ऋतूशी जुळत नसतानाही ते जपले, म्हणूनच गावाचा पाऊस आपल्या घरात शिल्लक राहिला.

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना जहाजाबरोबर पावसाबद्दलही विचारा. कोणत्या वादळात छप्पर गेले, कोणत्या साथीत कोण गेले, लाकुपच्या दिवसांत पहाटे किती वाजता उठत, हे लिहून घ्या. सरकारी वह्यांत नावे सापडतील. हे मात्र त्यांच्याकडेच आहे, आणि ते आता फार थोड्यांकडे उरले आहे.