लिंग

लिंग : मूळ संस्कृत अर्थ खूण, चिन्ह. न्यायदर्शनात धूर हे अग्नीच्या अनुमानाचे लिंग होय. शिवाच्या पूज्य प्रतीकाला आणि पुरुषाच्या जननेंद्रियालाही हाच शब्द आहे. व्याकरणात लिंग म्हणजे नामाचा वर्ग. मराठीत असे वर्ग तीन, हिंदीत दोन. बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. प्रत्यक्षातल्या नर-मादीशी त्याचा मेळ बसतोच असे नाही : कावळ्याची मादीही ‘तो कावळा’, नर असला तरी ‘ती घार’, आणि मूल ‘ते’. जीवशास्त्रात मात्र लिंग ठरते ते प्रजननातील भूमिकेवरून. माणसात ते साधारणतः एक्स व वाय गुणसूत्रांवर अवलंबून असते. कोकणच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत ते घरट्यातील वाळूचे तापमान ठरवते; उबदार वाळूतून माद्या अधिक निपजतात.