शिकारी पक्ष्यांची पारख

पक्ष्यांतील सूक्ष्म भेद ओळखणें हा केवळ हौसेचा विषय नव्हे. ती ओळख नसली म्हणजे निरपराध्यास शिक्षा होते. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानानें १९२९ सालीं गॉसहॉक नांवाच्या मोठ्या ससाण्याच्या हत्येस ५ डॉलरांचें बक्षीस लाविलें. तो पक्षी कोंबड्या मारी, हें खरें. परंतु बंदूक घेऊन निघालेल्या मनुष्यास तो ओळखतां येत नसे. शरद ऋतूंत किटॅटिनी डोंगराच्या धारेवरून दक्षिणेस जाणारा प्रत्येक शिकारी पक्षी त्यास सारखाच. शेतांतील उंदीर खाऊन शेतकऱ्याचें हितच करणारे तांबड्या शेपटीचे ससाणेही शेंकड्यांनीं मारले गेले.

वस्तुतः भेद स्पष्ट आहेत. तांबड्या शेपटीच्या ससाण्याचे पंख लांब व रुंद, शेपूट आखूड. तो आकाशांत संथ घिरट्या घालतो. गॉसहॉकच्या कुळांत पंख आखूड व शेपूट लांब. त्याच कुळांतील शार्प-शिन्डच्या शेपटीचें टोंक सरळ कापल्यासारखें, तर कूपरच्या ससाण्याचें वाटोळें असतें. मादी नराहून बरीच मोठी, म्हणून केवळ आकारमानावर विसंबून चालत नाहीं. प्रौढ गॉसहॉक मात्र डोळ्यावरील रुंद पांढऱ्या भुंवईनें ओळखूं येतो.

१९३४ सालीं रोझली एज या बाईंनीं तेथील सुमारें १४०० एकर डोंगर खंडानें घेऊन शिकार बंद केली व मॉरिस ब्रून यांस राखणदार नेमिलें. त्याच वर्षीं रॉजर टोरी पीटरसन यांचें, पक्षी दुरून ओळखण्यास शिकविणारें सचित्र पुस्तक निघालें. ब्रून यांनीं आरंभिलेली ससाण्यांची मोजदाद त्या कड्यावर आजही होते. आणि मोजावयाचें तर आधीं ओळखावें लागतें.