गायतोंडे यांची निराकार चित्रे

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘हे चित्र कशाचे?’ वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना या प्रश्नाचे उत्तर नाही. १९२४ साली नागपुरात जन्मलेले गायतोंडे १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. आरंभी ते माणसे, आकृत्या रंगवीत. पुढे आकृती गळाल्या, रंग आणि प्रकाश उरले. रोलरने रंग चढवायचा, सुरीने काढायचा, पुन्हा थर द्यायचा, असे त्यांचे काम सावकाश चाले. म्हणून वर्षाकाठी चित्रे मोजकीच होत. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना रुचत नसे.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००१ साली ते गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले ते २०१४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना हे पाहणे अवघड वाटू नये. उजनीच्या पाण्यावर संध्याकाळ उतरते तेव्हा ‘हे कशाचे?’ असे आपण विचारत नाही, नुसते पाहत राहतो. गायतोंडे यांच्या चित्रापुढेही तसेच थोडा वेळ थांबावे.