श्रावणात गोकाकला, लाल पुस्तक घेऊन

साल १८८२. श्रावणातली सकाळ, निपाणी. भुरभुर पाऊस चालू आहे आणि तुम्ही चिखलातून पाय सांभाळत बैलगाडीत चढता. काखेत लाल कापडी बांधणीचं पुस्तक आहे, लंडनच्या जॉन मरेनं काढलेलं मुंबई इलाख्याचं मार्गदर्शक. लेखक एडवर्ड ईस्टविक. पहिली आवृत्ती १८५९ची. ती निघाली तेव्हा मरेच्या मार्गदर्शकांच्या मालिकेत इथल्या भाषांचे शब्द आणि संवादही छापले होते, नव्यानं आलेल्या गोऱ्या अंमलदाराला गाडीवानाशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून. तुमच्या हातातली दुसरी आवृत्ती, गेल्याच वर्षी निघालेली. या बाजूला अजून आगगाडी नाही, त्यामुळे गोकाकच्या धबधब्यापर्यंत बैलांच्या चालीनं जायचं. वाटेत दोन मुक्काम.

पुस्तक उघडलंत की टप्पे, मैल, उतरायचे बंगले, जुनी देवळं असं सगळं ओळीनं लागतं. विलायतेतल्या सरोवरांच्या मुलखासाठी अशी पुस्तकं शंभर वर्षांपूर्वीच निघू लागली होती. थॉमस वेस्टनं १७७८ साली तिथलं मार्गदर्शक लिहिलं आणि कुठलं तळं नेमकं कुठे उभं राहून पाहायचं त्या जागाच ठरवून दिल्या. हौशी प्रवासी त्या जागी जाऊन चक्क तळ्याकडे पाठ करत आणि हातातल्या काळसर आरशात त्याचं प्रतिबिंब न्याहाळत. काय बघावं आणि कुठून बघावं, हे पुस्तकानं ठरवायची सवय तेव्हापासूनची.

तुम्ही मात्र जरा मान वर करा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबाखूची लावण चालू आहे. इरली घेतलेल्या बायका ओल्या मातीत वाकून एकेक रोप दाबून बसवताहेत. गाडीवान पुस्तकाकडे ढुंकूनही बघत नाही.

"संकेश्वरात हिरण्यकेशीचं पाणी बगून मग गाडी घालायची, बाबा," तो म्हणतो. "पाणी चढलं आसलं तर आल्याड ऱ्हायचं. घाई करायची न्हाई."

"तुम्हाला ही वाट कशी ठाऊक?"

"मार्गशीर्षात आमी डोंगराला जातो न्हवं! वडलांच्या मागनं गाडीत बसून आलोय."

डोंगर म्हणजे सौंदत्तीचा, यल्लम्माचा. कोल्हापूर-निपाणीकडच्या माणसाला नुसतं 'डोंगराला' म्हटलं की पुरतं. कुठल्या विहिरीचं पाणी बैलांना चालतं, कुठल्या चढाला उतरून जू हलकं करायचं, कुठल्या झाडाखाली गाड्या सोडायच्या, हे त्याला पाठ आहे. संकेश्वरात लोहाराशी बोलताना तो सहज कानडीत शिरतो आणि बैलांना हाकताना पुन्हा मराठीत येतो. हा सगळा मुलूख एकाच मुंबई इलाख्यात आहे. १९५६ची राज्यपुनर्रचना आणि तिच्यामागून आलेला सीमावाद फार पुढे आहे.

तिसऱ्या दिवशी धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. मग वालुकाश्माचा तो कडा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि त्यावरून १७० फूट खाली कोसळणारी घटप्रभा. पाणी तांबूस, गढूळ. काठावरचे खडक थरांथरांचे, आणि पाण्यानं त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बाजूला महालिंगेश्वराचं चालुक्य धाटणीचं देऊळ तुषारांनी ओलं झालंय. उंचीचा आकडा ताडून बघावा म्हणून तुम्ही पुस्तक उघडता, तर पानांवर दव साचल्यासारखे थेंब जमतात आणि बांधणीचा लाल रंग बोटांना लागतो.

हा प्रवाह आत्ता डोळे भरून बघून घ्या. पाचच वर्षांत इथे कापडगिरणी या पाण्याच्या जोरावर सुरू होईल. १८९७पर्यंत वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा पुरा होईल, कालव्यानं शेतं भिजतील. पुढे हिडकलचं धरणही होईल. शेताला पाणी हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून कोरड्या महिन्यांत येणाऱ्याला उघडा कडाच जास्त दिसेल, आणि गोकाकला पावसाळ्यातच यायचं हे पक्कं होईल.

ईस्टविकसारख्यांनी मैलागणिक टिपणं ठेवली म्हणून आज आपल्याला ती वाट कळते, आणि त्याबद्दल मला त्या पुस्तकांविषयी मनापासून आदर आहे. मात्र हिरण्यकेशी चढलेली असताना तुम्हाला अलीकडे थांबवणारं शहाणपण त्यांत नव्हतं. ते गाडीवानांच्या तोंडी होतं, आणि ते लिहून घ्यायला कुणी बसलं नाही. गाड्या गेल्या, डांबरी रस्ते आले, तसं त्यातलं पुष्कळ गेलं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या घरांत आजा-पणजाच्या डोंगरवारीच्या गोष्टी अजून निघतात. त्या गावांच्या नावांसकट उतरवून घ्यायला हव्यात, आणि लवकर.

तेव्हा शिसपेन्सिल काढा. समासात जागा आहे. गाडीवान बैल सोडून तंबाखू मळत बसलाय.

"इथनं फुडं डोंगराला कसं जायचं?" तुम्ही विचारता.

"गोकाकास्नं यरगट्टी. यरगट्टीस्नं सौंदत्ती. जोगळभावीत आंगूळ केल्याबिगर वर चढायचं न्हाई. आन् यरगट्टीच्या आदी मुक्काम कुटं टाकायचा, ते बी सांगतो. लिवा."