डोंगरी सायकलीचें कूळ

पालघरहून मनोरकडे निघालें म्हणजे वाघोबा खिंडीचा चढ लागतो; बोईसरहून चिंचणी-तारापूरकडे वळलें तर रस्ता बहुतेक सपाट, पण वारा समुद्राचा आणि खारा. मधून पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा. हें सारें एकाच सायकलीनें साधावें म्हणून आमच्या परिचयांतील एका तरुणानें सांठविलेले सर्व पैसे खर्चून, पुढें जाड स्प्रिंगा असलेली एक वजनदार ‘माउंटन बाइक’ घेतली. पहिल्याच रविवारीं खिंडींत तो ती ढकलीत चालला. दोष त्याच्या पायांचा कीं यंत्राचा, हें ठरविण्यास या यंत्राचें कूळ पाहिलें पाहिजे.

स्टार्लेनें १८८५ सालीं सारख्या चाकांची व सांखळीची ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर सिद्ध केला. त्याच सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें सायकलींचें दुकान निघालें. तेव्हांपासून आपल्याकडील काळी, एका गिअरची सायकल दुधाच्या किटल्या वाहत बांधावरूनहि गेली. तिला डोंगरी म्हणण्याचें कोणास सुचलें नाहीं, इतकेंच.

तें नांव कॅलिफोर्नियांत पडलें. १९७० नंतर मॅरिन परगण्यांतील कांहीं तरुण जुन्या, फुगीर टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं सुटत. उतारावर मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून त्या उताराचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. १९७६ च्या आक्टोबरांत तेथें पहिली शर्यत झाली. वर चढून जातां यावें म्हणून त्यांनीं गिअर बसविले, आणि खालीं थांबतां यावें म्हणून चांगले ब्रेक. १९७७ सालीं जो ब्रीझनें या कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा घडविला. १९८१ सालीं ‘स्टम्पजंपर’ दुकानांत आली. या साऱ्या सायकलींस पुढें स्प्रिंग नव्हती! ती सुमारें १९९० सालीं रूढ होऊं लागली.

म्हणजे टायर, ब्रेक व गिअर हे या घराण्याचे वडील; स्प्रिंग ही मागून आलेली सून. चांगली असली तर ती घर सांभाळते, हें खरें. पण स्वस्त स्प्रिंग चढावर पायांचें बळ खाते आणि वजन वाढविते. आम्ही त्या तरुणास साधा फोर्क, मधें गुळगुळीत व कडेला खांचांचे टायर, आणि मागें मोठें दांतेरी चक्र घालावयास सांगितलें. कच्च्या वाटेवर टायरांतील हवा थोडी कमी ठेवावी, हेंहि सांगितलें. ब्रेक डिस्कचे होते. पावसाळ्यांतील चिखलासाठीं ते तसेच राहूं दिले.

गेल्या महिन्यांत तो खिंड न उतरतां चढला. सांखळी मात्र चिंचणीच्या वाऱ्यानें पुन्हां गंजली आहे. तेल घालण्याचा त्याला कंटाळा.