दारुड्याला दारुडाच हवा होता

१९३५ चा मे महिना. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. धंद्यात हात पोळलेला बिल विल्सन हॉटेलात एकटाच. दारू सुटून पाचेक महिनेच झालेले, आणि शेजारी बार! त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावले. मागणी काय, तर गावातला एखादा दारुडा भेटवा. हेन्रिएटा सायबरलिंगबाईंनी त्याला वेड्यात काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ घालून दिली. पंधरा मिनिटं बसतो म्हणणारे डॉक्टर कित्येक तास बोलले. मध्ये एकदा घसरले, पण १० जूननंतर थेंब घेतला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तिथून सुरू झालं.

आणि घरच्या बाईचं काय? बिलची बायको लॉइस, तिनं १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं केलं. आपल्याकडेही त्याच्या बैठका भरतात. फी नाही, नवरा आला नाही तरी चालतं.